पीएफचे २९,४०० हातात आहेत. वेल्डिंग मशीन घेऊ की पोरीला मोबाईल?

लेथवाला_मेहरूण | ७ जून २०२०

राम राम मंडळी. लांबण लागणार आहे, पण पूर्ण वाचा.

मी जळगाव एमआयडीसीत टर्नर आहे, म्हणजे लेथवर धातू कातायचं काम, १४ वर्षं झाली. पाईप आणि चटईच्या कारखान्यांना लागणारे रोलर, डाय, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) असलं काम. २१ मार्चला, शनिवारी, एक रोलर लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, तसाच बांधलेला सोडून घरी आलो. म्हटलं रविवारी जनता कर्फ्यू आहे, सोमवारी उतरवू. तो रोलर मी मेच्या शेवटच्या आठवड्यात उतरवला. बोटाने खरवडलं तर गंजाची पूड निघत होती.

एप्रिल आणि मे, दोन्ही महिने निम्मा पगार. हातात ८,२०० येतात आणि घराचा हप्ता आहे ८,४००. हे गणित तिसरीतल्या पोराला घातलं तरी तो म्हणेल, काका, तुमचं काहीतरी चुकलंय. मार्च ते मे हप्ते थांबवले होते. आता बँकेचा मेसेज आलाय की ३१ ऑगस्टपर्यंत थांबवता येतील.

कोरोनाच्या नियमाने पीएफमधून पैसे काढले. तीन महिन्यांचं बेसिक आणि डीए किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातलं जे कमी असेल ते मिळतं. मला २९,४०० मिळाले. परत भरायचे नाहीत, पण म्हातारपणाच्या डब्यातूनच काढलेत, हे कळतंय.

लॉकडाऊनमध्ये रिकामा बसवेना म्हणून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाईस (काम घट्ट धरायचा शिकंजा) ठोकला. हॅंड ड्रिल होतं, चार इंची ग्राइंडर होता. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण शिरपूरहून येऊ शकली नाही. पोरगी झोक्यासाठी हट्ट करत होती, म्हणून सळईच्या कड्या वाकवून झोका बांधून दिला. तो बघून शेजारच्या काकू कूलर घेऊन आल्या. ४४ डिग्रीत कूलर बंद म्हणजे काय, ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. दुकानं बंद, मिस्त्री मिळेना. उघडून बघतो तर पंपात क्षाराचा दगड झालेला. लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर टाकला, सकाळी फिरायला लागला. मग गल्लीच लागली. आजपर्यंत २३ कूलर झाले. पैसे कोणी ५० दिले, कोणी १००, एकीने बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) डबा दिला.

आता सगळीकडे पायाने दाबायचे सॅनिटायझर स्टॅंड लागतायत. दुकानदार १,२०० ला घेतायत. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन ७,००० च्या आसपास येतं. पण पोरगी यंदा दहावीला. शाळेने सांगितलंय, वर्ग मोबाईलवर होणार. तोही ७-८ हजारांचाच. बायको म्हणते मोबाईल. मी म्हणतो मशीन घेतलं तर मोबाईल त्यातूनच निघेल. चार दिवस झाले, आमच्याकडे भाकरी थोडी आपटूनच वाढली जातेय.

१) मशीन घ्यावं का? २) हप्ते ऑगस्टपर्यंत थांबवावेत का?

---

भुसावळ_फॅब्रिकेटर | ७ जून २०२०

भाऊ, आधी स्टॅंडचं सांगतो. मी मेमध्ये पहिला स्टॅंड १,८०० ला विकला. काल ७५० ला दिला. ज्याच्याकडे रॉड धरायचा होल्डर आहे, तो प्रत्येक जण सध्या हेच बनवतोय. तू मशीन आणशील, हात बसवशील, तोवर ५०० वर आलेला असेल.

तुझा हिशोब मांडून बघ. इंची चौकोनी पाईप, १८ गेज, साधारण तीन मीटर. तळाची पट्टी, पेडल, बाटलीची प्लेट धरून चार किलो लोखंड. ते सगळे धरतात. पण कटिंग व्हील? रॉड? प्रायमर आणि रंग? स्प्रिंग? पोहोचवायला पेट्रोल? आणि तुझी मजुरी तू धरलेलीच नाहीस, ते तुझ्या कूलरच्या ५० रुपयांवरूनच दिसतंय.

१८ गेजच्या पाईपवर नवशिक्याच्या हाताने भोकंच पडतात. अडीचचा रॉड घेऊन ६०-६५ अँपिअरवर टाके मारत जावं लागतं. टर्नरचा हात चांगला असतो, शिकशील. पण शिकायचा खर्च पीएफमधून करू नको. कटिंग, ड्रिलिंग, पेडलची पिन-बुश हे घरी कर आणि जोड मारायला जवळच्या एखाद्या वर्कशॉपला दे. दहा स्टॅंड असे करून बघ. मग मशीनचं बोल.

---

पांझरा_काठची | ७ जून २०२०

दादा, मी धुळ्याची. माझे मिस्टर पण असेच, हातात पाना आला की घर विसरतात. राग मानू नका.

मशीन पुढच्या वर्षी पण बाजारात असेल. तुमच्या मुलीची दहावी पुढच्या वर्षी नसेल. नवीनच मोबाईल पाहिजे असंही नाही. आमच्या भाचीला ४,००० ला वापरलेला घेतला. बॅटरी तेवढी तपासून घ्या आणि स्क्रीन निदान साडेपाच इंची हवा, नाहीतर फळ्यावरचं दिसत नाही. वहिनींना मोबाईल हवाय म्हणजे त्यांना धंदा नकोय असं नाही. २३ कूलर दुरुस्त केले तेव्हा शेडमध्ये पाणी-चहा कोणी आणून दिला?

---

सावध_माणूस | ८ जून २०२०

मशीन घेऊच नका. घरगुती मीटरवर धंदा केला तर वीज कायद्याचं कलम १२६ लागतं. दुप्पट दराने आकारणी होते. एकदा पथक आलं की मग सगळी कमाई त्यातच.

---

दीपनगर_रिटायर्ड | ८ जून २०२०

अर्धवट माहितीने घाबरवू नका हो. कलम १२६ आहे, दुप्पट आकारणीही खरी. पण राहत्या घराच्या काही भागात कोणी छोटा व्यवसाय करत असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत आणि आधीच्या आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटच्या आत असेल, तर त्याला घरगुतीच दर लागतो. महाराष्ट्राच्या दरपत्रकातच तसं लिहिलंय. शिंपीकाम, गिरणी, शिकवणी सगळे यावरच चालतात.

कायद्यापेक्षा वायरिंगचं बघा. कूलरच्या पॉईंटला वेल्डिंग मशीन लावू नका. मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग नीट. पत्र्याच्या शेडमध्ये, ओल्या जमिनीवर, पावसाळ्यात हे काम आहे. रबरी चपलेवर विसंबू नका.

---

माजी_रोखपाल_चोपडा | ८ जून २०२०

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही, म्हणून लिहितो. ३२ वर्षं बँकेत गेली.

रिझर्व्ह बँकेने हप्ता पुढे ढकलायची मुभा दिली आहे, व्याज माफ केलेलं नाही. पुष्कळ लोक इथेच फसतात. तुमची बाकी आणि व्याजदर तुम्ही लिहिलेला नाही. समजा बाकी ६ लाख आणि दर साडेआठ टक्के. महिन्याचं व्याजच ४,२५० होतं. म्हणजे ८,४०० च्या हप्त्यातले निम्म्याहून जास्त व्याजातच जातात. अशा कर्जाचे साधारण १०० हप्ते उरलेले असतात.

तीन महिने थांबलात की बाकी ६,१२,८०० च्या पुढे जाते आणि हप्ते होतात १०३. थांबलेले तीन महिने वेगळेच, म्हणजे कर्ज सहा महिने उशिरा फिटणार. सहा महिने थांबलात तर बाकी ६,२५,९०० च्या वर आणि कर्ज वर्षभर लांबतं. अजून ५०-५५ हजार वरून भरावे लागतील.

घरात खायला नसेल तर बिनधास्त थांबवा, त्यात लाज नाही, सोय त्यासाठीच आहे. पण २९,४०० बचत खात्यात ठेवायचे आणि साडेआठ टक्क्यांचा हप्ता थांबवायचा, हे उलटं होईल. जूनपासून हप्ता सुरू करा. पगारात २०० कमी पडतात आणि घरखर्च तुम्ही सांगितला नाही, तो पीएफच्या रकमेतून किती महिने निघेल ते आज रात्री वहिनींसोबत बसून लिहून काढा.

---

लेथवाला_मेहरूण | ९ जून २०२०

काका, बाकी ६ लाख १० हजार आहे, दर तुम्ही म्हणता तोच. तुम्हाला काय दिव्यदृष्टी आहे का?

रात्री बसलो. किराणा, दूध, गॅस, वीज, आईच्या बीपीच्या गोळ्या मिळून ७,३०० निघाले. रेशनचे तांदूळ येतायत म्हणून एवढ्यावर भागतंय. बायकोने वहीत सगळं आधीच लिहिलेलं होतं, एप्रिलपासूनचं. मला माहीतच नव्हतं. कूलरचे ५०-१०० सुद्धा तारखेनिशी, बिबड्यांच्या डब्यासकट.

मोबाईल घेतोय, वापरलेला, ४,५०० चा. मशीन नाही. दहा स्टॅंड बाहेरून जोड मारून घेतो. पांझरा ताई, चहाचं बरोबर बोललात.

---

तापीकाठचा_भो | ९ जून २०२०

भो, कूलर कर, स्टॅंड कर, पन उधारी नको.

---

लेथवाला_मेहरूण | १० नोव्हेंबर २०२०

दिवाळीची साफसफाई करताना शेडमधले दोन स्टॅंड हाताला लागले, म्हणून हा धागा आठवला. काय झालं ते सांगतो.

एकूण ११ स्टॅंड केले. पहिला आमच्या किराणावाल्याला दिला. पेडल दाबलं की उभी दांडी खाली ओढली जाते आणि वरची पट्टी बाटलीच्या पंपावर बसते, एवढंच यंत्र. पण दांडी किती खाली यावी याला मी काही अडथळाच ठेवला नव्हता. तिसऱ्या दिवशी एका दांडग्या गिऱ्हाईकाने पेडलवर अख्खा पाय देऊन उभं राहून दाबलं. बाटलीची मान तुटली आणि सगळं सॅनिटायझर शेठच्या उधारीच्या वहीवर. शाईपेनने लिहिलेली वही! दोन पानं निळी झाली. त्यात माझीही उधारी होती. शेठ म्हणाला, तुझा आकडा माझ्या तोंडपाठ आहे.

मग पेडलखाली ८ मिमीचा बोल्ट आणि तो जागेवर घट्ट ठेवायला चेकनट बसवला. बाटलीच्या उंचीप्रमाणे बोल्ट वर-खाली करायचा, पेडल तिथेच टेकतं. पुढच्या दहांपैकी एकाचीही बाटली तुटली नाही. पहिला धरून आठ विकले, शेवटचा ५५० ला. जुलैत जळगाव, भुसावळ, अमळनेर पुन्हा आठवडाभर बंद झालं, त्यानंतर कोणी विचारलंच नाही. एक मंदिरात ठेवायला दिला, पण मंदिरच उघडलेलं नाही. उरलेले दोन शेडमध्ये आहेत, त्यांवर बायकोने तुळशीच्या कुंड्या ठेवल्यात. सगळा खर्च जाऊन हातात १,९०० राहिले. फॅब्रिकेटर भाऊ, मजुरी धरली तर तोटाच.

पण कूलरमधून एक वेगळंच काम निघालं. मोटरचे बुश झिजले की पंखा घरघर करतो आणि शेवटी अडकतो. मिस्त्री सरळ नवीन मोटर घ्यायला सांगतो. माझ्याकडे घरी लेथ नाही. मग हॅंड ड्रिल वाईसमध्ये आडवं बांधलं. गनमेटलच्या (कांस्याच्या) तुकड्याला ११.५ मिमीचं भोक पाडून १२ चा रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार, फिरवला, माझ्या पेटीतलाच. तो तुकडा बोल्टवर चढवून नटने आवळला, बोल्ट ड्रिलच्या चकमध्ये धरला. ड्रिल चालू करून कानस टेकवायची, दर चार फेऱ्यांनी थांबून व्हर्निअर लावायचा. शेवटी पॉलिश पेपर. एका बुशला पाऊण तास लागतो, लेथवर पाच मिनिटांत झाला असता. पण बसतो अचूक. भोवती तेलात भिजवलेली फेल्ट घातली की मोटर मांजरासारखी चालते. मोटरमागे २५० घेतो. बायकोने दर ठरवला आणि तिनेच पुठ्ठ्यावर लिहून शेडच्या दारावर लावला. ऑक्टोबरात पिठाच्या गिरणीवाल्यांनी शोधत येऊन दोन बुश करून नेले.

जूनपासून एकही हप्ता चुकवला नाही. सप्टेंबरपासून पगार पूर्ण. रोखपाल काका, व्याजावरचं व्याज म्हणून बँकेने ४६० रुपये खात्यात टाकलेत. त्यात दिवाळीचा रवा आला.

---

माजी_रोखपाल_चोपडा | ११ नोव्हेंबर २०२०

तो रवा सरकारी समजून खा. हप्ते न थांबवणाऱ्यांनाही ती रक्कम मिळाली आहे.

---

पाचोरा_लाईन | ७ मार्च २०२१

जुना धागा वर काढतोय, माफी. दादा, आमच्या पत्र्याच्या कूलरची मोटर घरघर करते. ऊन तर आत्ताच चटका द्यायला लागलंय. जळगावला मोटर पाठवली तर बुश बसवून द्याल का? आणि कोरोनात कूलर चालवावा की नाही? इथे रोज वेगळं ऐकायला मिळतं.

---

लेथवाला_मेहरूण | ७ मार्च २०२१

कूलर खोलीच्या आत ठेवून तीच हवा फिरवू नको. खिडकीत बसव, बाहेरची हवा ओढू दे आणि समोरचं दार उघडं ठेव. टाकीचं पाणी दोन दिवसांत बदल आणि आतून डांबर मारून घे, तळ सडत नाही.

मोटर पाठव, पण बसमधून सुटी नको, दोन्ही बाजूची झाकणं दोऱ्याने बांध. जुना बुश फेकू नको, झिजलेला असला तरी पाठव. बाहेरचं माप मी त्याच्यावरूनच घेतो. शाफ्टला हात लावून बघ. नखाला खाच लागत असेल तर आधी सांग. मग भोक १२ चं चालणार नाही, शाफ्ट घासून घ्यावा लागेल आणि त्याचे १०० वेगळे. दर माझा नाही, दारावर लिहिलाय.