सिंचन प्रकल्पांच्या वाढत्या किमतीला उत्तरदायी कोण?

वैनगंगाकाठ: विदर्भात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरण प्रकल्पाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत सुमारे ३७२ कोटी रुपये होती, पुढे ती अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेली. महागाई, भूसंपादन आणि पुनर्वसन यांचा वाटा मान्य केला, तरी या वाढीत कंत्राटदारांचे हितसंबंध नेमके कोठे शिरतात आणि त्याबद्दल जाब कोणाला विचारायचा, हे जाणकारांनी सांगावे.

जुना लेखापाल: ते ‘सुप्रमा’त, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेत शिरतात. मूळ अंदाजपत्रक कमी धरले की प्रकल्प सहज मंजूर होतो, भूमिपूजन उरकते, कंत्राटदाराला यंत्रसामग्रीसाठी अग्रिम मिळतो. त्यानंतर संकल्पचित्र, म्हणजे बांधकामाचा तांत्रिक आराखडा, बदलते, निविदेबाहेरची कामे वाढतात आणि खर्च झालेला असल्यामुळे नवी किंमत नाकारणे कोणालाच परवडत नाही. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाने २००९ मध्ये काही महिन्यांत ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेली, ती विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. प्रत्येक आमदाराला आपल्या तालुक्यात धरण हवे असते, हेही विसरू नये; दबाव केवळ कंत्राटदारांचा नसतो.

कलम_पोटकलम: जाब कोणाला विचारायचा, याचे उत्तर शासनालाच ठरवता आलेले नाही. सिंचन गैरव्यवहाराच्या प्रकरणात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नोव्हेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रात शासकीय कार्यनियमावलीचा आधार घेऊन तत्कालीन जलसंपदामंत्री अजित पवार यांच्या जबाबदारीकडे बोट दाखवले होते. वर्षभरानंतर, २०१९ च्या अखेरीस, त्याच विभागाने कार्यान्वयन यंत्रणांच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामे करून घेणाऱ्या कार्यालयांच्या, कृत्यांबद्दल मंत्र्यांना जबाबदार धरता येणार नाही, अशी भूमिका घेतली. कोणती भूमिका बरोबर, हा वाद बाजूला ठेवला तरी मंत्र्याची सही औपचारिक मानायची की निर्णायक, हे जर सत्तेच्या समीकरणांबरोबर बदलत असेल, तर सही करणाऱ्यालाही सावध राहण्याचे कारण उरत नाही. (त्याच फायलींवर सह्या करणारे अभियंते मात्र गुन्ह्यांमध्ये आरोपी झाले.)

वैनगंगाकाठ: मग दहा वर्षांत सत्तर हजार कोटी खर्चून सिंचन ०.१ टक्काच वाढले, हे खरे ना?

जुना लेखापाल: ते विधान जपून वापरावे. राज्याच्या आर्थिक पाहणीतील तो आकडा एकूण पिकांखालील क्षेत्रातील सिंचित क्षेत्राच्या प्रमाणाचा होता. निर्माण झालेली सिंचनक्षमता, म्हणजे बांधलेल्या प्रकल्पांतून जितके क्षेत्र भिजवता येईल ती, ही वेगळी गोष्ट असून राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१२ च्या सिंचनविषयक श्वेतपत्रिकेने तिच्याच आधारे सरकारचा बचाव केला. त्यानंतर सिंचन प्रकल्पांच्या चौकशीसाठी नेमलेल्या जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या विशेष तपास पथकाने २०१४ मध्ये दिलेला अहवाल वाचावा. त्यात कार्यपद्धतीतील दोष अधिक बारकाईने दिसतात.

कलम_पोटकलम: त्यासोबत महालेखापरीक्षकांच्या अहवालांतील आक्षेपांचे परिच्छेदही पाहावेत. अडचण अशी की हे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी सभागृहापुढे ठेवले जातात, त्यामुळे चर्चेला वाव राहत नाही आणि या अहवालांची छाननी करणाऱ्या विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपर्यंत विषय पोहोचेतो संबंधित अधिकारी अनेकदा निवृत्त झालेले असतात. आपल्याला एकाच प्रकल्पाचा छडा लावायचा असेल, तर माहिती अधिकारात प्रत्येक ‘सुप्रमा’सोबतचे किंमतवाढीचे कारणनिहाय विवरण आणि त्यावरील वित्त विभागाचे अभिप्राय मागावेत, दरवाढ, वाढीव कामे आणि संकल्पचित्रातील बदल यांची रक्कम त्यात वेगवेगळी दाखवलेली असते.