घर मावशीचं, वारस दिराचा मुलगा. कायद्याला 'कुटुंब' कळतं का?

आंबेमोहर
मावशी सव्विसाव्या वर्षी विधवा झाली. मूलबाळ नाही. तेरावं उरकल्यावर सासरच्यांनी तिची ट्रंक रिक्षात घालून माहेरी धाडली. पुढे ती शिक्षिका झाली, डोंबिवलीत वन-आरके घेतला, हप्ते एकटीने फेडले. शाळेतली एक मैत्रीण सोबतीला आली ती बावीस वर्षं राहिली. शेवटच्या आजारपणात डबे, डायपर, जागरणं सगळं तिनेच केलं.

मावशी मृत्युपत्राशिवाय गेली. दीर केव्हाच वारले. आता त्यांचा मुलगा, ज्याने तिला कधी पाहिलंही नव्हतं, घर मागतोय. आणि वकील म्हणतात, कायद्याने त्याचंच आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956, कलम 15: मुलं-नवरा नसतील तर बाईने कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांना. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर, मैत्रिणीचा कुठेच नाही. सोबत राहून सांभाळणाऱ्याला कायद्यात जागा हवी, असं माझं ठाम मत आहे.

जुनाखोड
वाईट वाटलं, पण पटलं नाही. मृत्युपत्राला साधा कागद आणि दोन साक्षीदार लागतात, नोंदणीचीही सक्ती नाही. तेवढं न करता कायद्याच्या नावाने बोटं मोडायची? 'सोबत राहिलो' एवढ्यावर हक्क मिळाला तर उद्या पेइंग गेस्टही उभा राहील. म्हातारी माणसं कुणाला घरात घ्यायला धजावणार नाहीत. रक्ताचं नातं निदान कागदावर दाखवता येतं.

काळाकोट
जुनाखोड, दिराच्या मुलाचं कुठलं रक्ताचं नातं? 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अगदी असंच प्रकरण आलं होतं (ओमप्रकाश वि. राधाचरण). लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा, सासरने हाकललेली, माहेरी शिकून नोकरीला लागलेली बाई. तिची स्वकष्टाची कमाई गेली नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे. सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच्या आदल्याच वर्षी विधी आयोगाने 207व्या अहवालात हे कलम बदला म्हणून सांगितलं होतं.

जुनाखोड
कलम 15 बदला, माझी हरकत नाही. माहेरला द्या. मैत्रिणीचं मात्र वेगळं.

आंबेमोहर
सोसायटीत नॉमिनी म्हणून तिचंच नाव आहे हो!

काळाकोट
नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. 2019 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात तो तात्पुरता सभासद, वारस ठरेपर्यंतचा. जिवंतपणी बक्षीसपत्र केलं असतं तर? नवरा, मुलगा, मुलगी यांना राहतं घर देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये. मैत्रिणीला देताना मात्र खरेदीखताइतकं. कायद्याचं 'कुटुंब' तिथेच दिसतं.

मांडवीकाठ
गोव्यातून एक भर. मृत्युपत्र हा आमच्याकडे रामबाण नाही. मुलं किंवा आईवडील असतील तर निम्म्या हिश्शाला हात लावता येत नाही, उरलेल्याचंच मृत्युपत्र. पोर्तुगीज काळापासूनची पद्धत. पण मुलीला बेदखल करणं त्यामुळे अवघड जातं, हेही तितकंच खरं.

सावली
मी जोडीदारीणीसोबत राहते. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. 2024 मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की संयुक्त खातं आणि नॉमिनी करायला आडकाठी नाही. आम्ही लगेच खातं उघडलं. तरीही आंबेमोहर, 'कायद्यात जागा' म्हटलं की मला धडकी भरते. उत्तराखंडात स्त्री-पुरुषांच्या लिव्ह-इनला जागा दिलीच ना! सोडून दिलेल्या बाईला पोटगी मागता येते, हे चांगलंच. पण महिन्याभरात नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. मला सरकारी वहीत नाव नको. माझ्या माणसाचं नाव मी द्यावं आणि इस्पितळाने, बँकेने ते मानावं. बस.

जुनाखोड
हे मला चालेल. स्वतः नेमलेलं माणूस, स्वतःच्या सहीने. न्यायालयाने बावीस वर्षं मोजत बसायचं, हे नको.

आंबेमोहर
आणि ज्यांना सही करायचं सुचलंच नाही, त्यांचं? मावशीला मरणाचा विषय काढलेला खपायचा नाही. परवा काकूंना, म्हणजे त्या मैत्रिणीला, विचारलं की तुमचं तरी मृत्युपत्र झालंय का. हसल्या. म्हणाल्या, माझ्याकडे शिवणयंत्र आहे तेवढं, त्याला कसलं मृत्युपत्र?

जुनाखोड
तेही लिहून ठेवा म्हणावं. एका साक्षीदाराची सही मी करतो, डोंबिवलीलाच असतो.