अकरावीच्या इंग्रजीला ‘द मॅरो थीव्ज’: कादंबरी ठीक, पण त्यावर असा निबंध?

मीठभाकर

लेक यंदा अकरावीत आहे, इथे कॅनडात, मिसिसागात. इंग्रजीला शेक्सपिअरच्या जागी ‘द मॅरो थीव्ज’ लागली आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: शेरी डिमालाइन या मेटी (कॅनडातला एक मूळ रहिवासी समाज) लेखिकेची २०१७ ची कादंबरी, त्याच वर्षी तिला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. हवामान पार बिघडलंय आणि माणसांना स्वप्नं पडेनाशी झाली आहेत. पडतात ती फक्त कॅनडाच्या मूळ रहिवाशांना. मग त्यांना धरून ‘शाळां’मध्ये नेतात आणि हाडांतला मगज काढून घेतात. फ्रेंची नावाचा मुलगा आणि त्याच्यासारखेच घरच्यांपासून तुटलेले काही जण उत्तरेकडे जंगलातून पळताहेत.

मी दोन रात्रींत वाचून काढली. पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या प्रकाराबद्दल आहे.

निबंध आला. पहिल्या परिच्छेदात थीसिस म्हणजे मुख्य दावा, मग तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला पुस्तकातलं एक अवतरण, त्याखाली स्पष्टीकरण, शेवटी थीसिस पुन्हा वेगळ्या शब्दांत. लेकीने लिहिलं, ‘मगज हे संस्कृतीचं प्रतीक आहे.’ लेव्हल फोर मिळाली, म्हणजे सगळ्यांत वरची श्रेणी. घरी पेढे नाही पण पिझ्झा आला. जेवताना मी सहज विचारलं, “खऱ्या शाळा बंद कधी झाल्या गं?” तर म्हणे, “खूप पूर्वी. पायोनियर लोकांच्या काळात.”

खऱ्या शाळा म्हणजे मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या त्या निवासी शाळा. त्यांतली शेवटची बंद झाली १९९६ च्या सुमाराला! तेव्हा मी सांगलीत अकरावीला होते. दीड लाखाहून जास्त मुलं त्या शाळांतून गेली. ही पोरगी तिसरीपासून दर ३० सप्टेंबरला त्या मुलांच्या आठवणीचा नारिंगी शर्ट घालून शाळेत जाते. शर्ट माहीत, प्रतीक माहीत, साल माहीत नाही.

माझं म्हणणं असं की आधी खरी हकीकत वाचायला द्या, मग कल्पित. आणि एका माणसाच्या जिवावर बेतलेल्या गोष्टीची तीन मुद्द्यांत खांडोळी करायला लावू नका. तुमच्याकडे काय अनुभव?

उंटावरचा

ताई, मी नेमका उलटा आहे. निबंध हवा, कादंबरी नको.

इंग्रजीच्या तासाचं काम काय? एक दावा मांडायचा, पुरावा द्यायचा, पुराव्यातून दावा कसा निघतो ते दाखवायचं. हा सांगाडा तुम्हाला कोरडा वाटतो. मी रोज ऑफिसात लोकांचे अहवाल वाचतो, चार पानं झाली तरी म्हणायचंय काय ते कळत नाही. आपण शाळेत ‘मी पंतप्रधान झालो तर’ आणि ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहून आलो. काळे ढग, बेडकांचं डराव डराव, कांदाभजी, शेवटी एक सुविचार. मला इथे पहिल्या वर्षी मास्टर्सला कोणी थीसिस म्हणजे काय हे विचारलं असतं तर गाळण उडाली असती.

राहिली कादंबरी. इतिहास शिकवायचा तर इतिहासाच्या तासाला शिकवा. भाषेच्या वर्गात भाषेने कसलेलं काही घ्या. शेक्सपिअर चारशे वर्षं टिकला तो उगाच नाही. शिवाय बारावीचं इंग्रजी विद्यापीठ प्रवेशाला धरतात, त्याचा पाया अकरावीत. प्रयोग करायला हेच वर्ष सापडलं?

खडूफळा

मी ऑंटारियोत हाच कोर्स शिकवते, तेव्हा बाजू घेणारच.

आधी प्रवेशाची भीती. एनबीई३यू, म्हणजे मूळ रहिवाशांच्या लेखनावरचा हा कोर्स, सक्तीच्या अकरावी इंग्रजीचा क्रेडिट म्हणूनच धरतात आणि त्यावर बारावीचं ईएनजी४यू घेता येतं. टोरांटोच्या सार्वजनिक बोर्डाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तो सगळ्यांना सक्तीचा करायचं ठरवलं. कोणाचं इंजिनिअरिंग अडलेलं नाही, अडणारही नाही.

आता ‘इतिहास इतिहासाच्या तासाला’. उंटावरचे दादा, डंकन कॅम्पबेल स्कॉट हे नाव ऐकलंय? कॅनडाच्या इंग्रजी कवितेतलं मानाचं पान. कित्येक वर्षं संकलनांत त्याच्या कविता असत, मूळ रहिवाशांवरच्यासुद्धा. हाच माणूस १९१३ ते १९३२ मूळ रहिवाशांचा कारभार पाहणाऱ्या इंडियन अफेअर्स खात्याचा प्रमुख अधिकारी होता. १९२० साली कायदा बदलून मुलांना शाळेत पाठवण्याची सक्ती झाली ती त्याच्याच कारकिर्दीत. म्हणजे इंग्रजीच्या तासाला हा विषय पूर्वीही होताच. फक्त बोलत होता तो पकडून नेणारा. आता पळणारा बोलतोय.

मीठभाकर, ‘आधी खरं, मग कल्पित’ हे मीही पहिली दोन वर्षं केलं. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या अहवालातले उतारे, आकडे, फोटो. मुलं माना खाली घालून बसायची, तास संपला की सुटल्यासारखी पळायची. कादंबरी आधी दिली की मुलंच विचारतात, “मिस, हे मगज वगैरे जरा जास्तच नाही का?” तेव्हा मी दुधाचा विषय काढते. १९४८ ते १९५२ या काळात सहा निवासी शाळांमध्ये सरकारी शास्त्रज्ञांनी मुलांवर आहाराचे प्रयोग केले. एका शाळेत दोन वर्षं मुलांना गरजेच्या निम्म्याहून कमी दूध दिलं, पुढे वाढवल्यावर काय फरक पडतो ते मोजता यावं म्हणून. वाढवण्याइतकं दूध होतं, बरं का. वर्गात यानंतर कोणी ‘जरा जास्तच’ म्हणत नाही.

पण निबंधाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. ‘अमुक कशाचं प्रतीक आहे’ हा प्रश्नच मेलेला आहे. त्याचं उत्तर फोनमध्ये तयार मिळतं आणि मुलं ते आणतात. मी आता एकच प्रश्न देते आणि वर्गातच हाताने लिहून घेते. कादंबरीत मिग रात्री शेकोटीपाशी ‘स्टोरी’ सांगतो, म्हणजे आपल्या लोकांवर काय काय गुदरलं ते. सात वर्षांच्या रिरीला तेवढ्या वेळापुरतं बाजूला पाठवतात, लहान आहे म्हणून. प्रश्न असा: मिगचं बरोबर की चूक? दावा लागतो, पुरावा लागतो. आणि गेल्या वर्षी अर्धा वर्ग उरलेल्या अर्ध्याशी भांडत बाहेर पडला.

नर्मदाकाठ

खडूफळा मॅडम, तुमचा वर्ग चांगला असणार यात शंका नाही. तरी एक खुपतं.

मी धडगावचा. घरी पावरी, शाळेत मराठी. आश्रमशाळेत पहिल्या आठवड्यात मी पाण्याला आमच्या भाषेतला शब्द वापरला तर सर हसले, म्हणून वर्ग हसला. पुढे महिनाभर मी पाणी मागितलंच नाही, मधल्या सुट्टीत जाऊन प्यायचो. इथल्या निवासी शाळा आणि आमची आश्रमशाळा एक नव्हे. मला दिवाळीला घरी जाता यायचं, आईबाप भेटायला येत, मला कोणी चोरून नेलं नव्हतं. पण ‘तोंडातली भाषा काढून घेणं’ मला प्रतीक म्हणून समजावून घ्यावं लागलं नाही.

वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता आहे. आम्ही स्टेजवर गेलोच नाही, ते स्टेजवर बसून आम्हाला आमचंच दुःख सांगत राहिले, असा तिचा आशय. डिमालाइनबाई स्वतः मेटी आहेत, म्हणजे या खेपेला स्टेजवर योग्य माणूस आहे, मान्य. पण निबंध लिहायची वेळ आली की बाईंना खाली बसवून वर चढतो कोण? ब्रॅम्प्टन-मिसिसागातला सोळा वर्षांचा पोरगा. तो दुसऱ्याचं दुःख नीट मांडतो म्हणून त्याला ऐंशीपैकी बहात्तर. मिगचं बरोबर की चूक हे ठरवण्याचा अधिकार त्याला परीक्षेत दिला कोणी?

आणखी एक, जरा तिखट आहे, राग मानू नका. इथल्या आदिवासींबद्दल एवढ्या कळवळ्याने बोलणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी वाहरू किंवा भुजंग मेश्राम हे आपले आदिवासी कवी वाचलेत?

उंटावरचा

मी नाही वाचलेले. कबूल.

पण नर्मदाकाठ, तुमच्या हिशेबाने मग कोणीच कोणावर लिहायला नको. हॅम्लेटवर लिहायलाही डेन्मार्कचा राजपुत्र लागेल. अधिकार वाचण्यातून येतो. ज्याने नीट वाचलं त्याने मत द्यावं आणि चुकलं तर मार खावा.

आणि स्कॉटचं मला माहीत नव्हतं. त्या कविता वाचल्या काल. चांगल्या आहेत, हाच त्रास आहे. शिकवायच्या असतील तर मॅडम, कादंबरीच्या शेजारी त्यांतली एक ठेवा. मग मी माझी हरकत मागे घेईन, निदान अर्धी.

कडकथंडी

सडबरीहून. सगळे एकाच पुस्तकाला धरून बसलात म्हणून मध्ये पडतो. मला मगज, स्वप्नं, पकडणारे वगैरे प्रकरण भडक वाटतं. मुलांना ते सिनेमासारखं दिसतं आणि सिनेमासारखंच विसरलं जातं.

वाउबगेशिग राइस यांची ‘मून ऑफ द क्रस्टेड स्नो’ घ्या, २०१८ ची. लेखक पॅरी साउंडजवळच्या वासॉक्सिंगचे, अनिशिनाबे या मूळ राष्ट्रातले. उत्तरेकडची एक वस्ती. आधी मोबाइल बंद पडतात, मग वीज जाते. दक्षिणेत काय झालंय ते कोणालाच कळत नाही. डिझेल किती उरलं, लाकूड किती, फ्रीझरमध्ये मूसचं मांस किती, एवढंच गणित. मग दक्षिणेकडून एक गोरा माणूस स्नोमोबाइलवरून येतो आणि आश्रय मागतो. प्रयोगशाळा नाही, राक्षस नाही. इथे ज्याने उणे पस्तीसमध्ये चार तास वीज गेलेली पाहिली आहे त्याला प्रत्येक पान ताडून पाहता येतं.

त्यात एलीन नावाची म्हातारी आहे. जगबुडीला तिच्या भाषेत शब्द नाही. ती म्हणते ते साधारण असं: आमचं जग बुडेल म्हणून काय घाबरवता, ते गोरे आले तेव्हाच बुडालं, मग झाडं तोडून आम्हाला इथे हाकललं तेव्हा पुन्हा बुडालं, मुलं नेली तेव्हा पुन्हा. आम्ही आहोतच.

त्यामुळे ‘डिस्टोपियन’ हा शब्दच मुलांपुढे ठेवावा असं मला वाटतं. आपण ज्याला उद्याची भीती म्हणून वाचतो ती त्यांची मागच्या पिढीची गोष्ट आहे. यावर लिहू द्या की निबंध. नर्मदाकाठ म्हणतात तसं दुसऱ्याच्या दुःखावर चढून बसावं लागत नाही, स्वतःच्या शब्दाची झडती घ्यायची आहे.

खडूफळा

शेवटचं वाक्य टिपून घेते, वर्गात वापरीन. दोन्ही पुस्तकं शाळेच्या बुकरूममध्ये आहेत, पण ‘मून’च्या एकोणीसच प्रती आणि मुलं एकतीस. पुष्कळदा पुस्तक असंच ठरतं, हे पालकांना कोणी सांगत नाही.

नर्मदाकाठ, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नाही. एक गोष्ट करते ती सांगते. ‘मी’ लिहायची मुभा देते, आणि ‘ते लोक’ लिहिलं की समासात विचारते, “म्हणजे कोण? राष्ट्राचं नाव?” हॉडेनोशोनी, अनिशिनाबे, क्री, जे असेल ते. अर्ध्या निबंधांत पहिल्या खेपेला नाव नसतंच.

मीठभाकर, ब्रँटफर्ड तुमच्यापासून तासाभरावर आहे. तिथे मोहॉक इन्स्टिट्यूटची लाल विटांची इमारत अजून उभी आहे. १९७० मध्ये बंद झाली. रोज लापशी मिळे म्हणून मुलांनी तिला ‘मश होल’ नाव पाडलं होतं. तुमची मुलगी म्हणते तो ‘पायोनियर काळ’ तिला चारशेतीन हायवेने जाऊन बघता येईल.

मीठभाकर

उशिरा लिहितेय. रविवारी दुपारी खडूफळांचा रिरीचा प्रश्न लेकीला टाकला. ती म्हणाली, मिगचं चूक, सात वर्षांचीलाही सांगायला हवं, कारण पकडणारे वय विचारून पकडत नाहीत. मी म्हटलं पुरावा? ती उठून पुस्तक घेऊन आली आणि पान काढलं. (उंटावरचे, तुमच्या सांगाड्याचा हा गुण मान्य.)

मग मी तिला दुधाचं सांगितलं. ती फोनवर शोधून मोठ्याने वाचायला लागली, शाळांची नावं, किती मुलं, किती वर्षं. धाकटा समोरच लेगो लावत बसला होता, तिसरीत आहे. आणि मी तिला म्हणाले, “हळू गं, तो ऐकतोय. तू वर जा रे, आंघोळ कर.”

लेक नुसती बघत राहिली माझ्याकडे.

उंटावरचा

मग धाकट्याला सांगितलंत का?

मीठभाकर

अजून नाही. नारिंगी शर्ट आखूड झालाय, नवा कधी आणणार म्हणून तो रोज विचारतोय.