मदत हवी आहे : गावात राहून तिसरीतल्या नातीचे चिनी कसे टिकवावे?

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका लहान गावी राहतो. मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात अमेरिकेतील युटा राज्यातून यंदाच्या मे महिन्यात कायमचे परत आले. मुलाची नोकरी पुण्याला आहे, आणि तेथे घराची व्यवस्था होईपर्यंत, म्हणजे निदान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, सून व नात आमच्याजवळ राहणार आहेत.

युटामध्ये नात ज्या सरकारी शाळेत पहिली-दुसरी शिकली, तेथे अर्धा दिवस इंग्रजी व अर्धा दिवस मँडरिन चिनी असे. चिनीच्या अर्ध्या दिवसात बाई दुसरी भाषा बोलतच नसत, आणि गणितही त्याच भाषेतून होई. त्यामुळे तिचे चिनी घरातून आलेले नाही (आमच्या घरात ते कोणालाच येत नाही), ते वर्गातून आणि मुख्यतः गणितातून आले आहे. याचा प्रत्यय येथील शाळा सुरू झाल्यावर लगेच आला. चिनीत अकरा म्हणजे ‘दहा-एक’ आणि एकोणपन्नास म्हणजे ‘चार-दहा-नऊ’. आपला ‘एकोणपन्नास’ ऐकला की ती आधी ५ लिहून मोकळी होते. २०१९ साली आपल्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर त्याची टिंगल झाली, आणि खोटे कशाला बोलू, टिंगल करणाऱ्यांत मीही होतो. आता नातीला शिकवताना तीच रीत वापरतो आहे.

माझी खरी अडचण एका वहीची आहे. चिनी उच्चार लिहिण्याची पिनयिन ही पद्धत रोमन लिपीत आहे, आणि नात इंग्रजीच्या सवयीने ती वाचू लागली की उच्चार बिघडतात. ‘बी’ या अक्षराने दाखवलेला चिनी ध्वनी आपल्या ‘प’च्या जवळचा असतो, तर ‘पी’ने दाखवलेल्या ध्वनीत ‘प’नंतर ‘ह’चा श्वास मिसळतो. ‘झेड’ने जे लिहितात ते जवळजवळ आपल्या ‘चाक’मधल्या ‘च’सारखे ऐकू येते. हे सारे देवनागरीत अधिक नेटके बसते असे वाटून मी तिच्याकडून ऐकलेले शब्द देवनागरीत उतरवू लागलो. मात्र सुरांची सोय आपल्या लिपीत नाही. ‘मा’ सपाट म्हटले तर आई, चढते म्हटले तर ताग-अंबाडीसारखे वाखाचे पीक, खाली नेऊन वर आणले तर घोडा आणि झटक्याने खाली टाकले तर रागावणे. यासाठी मी अक्षरांवर बारीक रेघा मारतो. सूनबाईंचे म्हणणे असे की ही वही पोरीचे उच्चार कायमचे बिघडवील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असावे, कारण मी वहीतून वाचून दाखवले की नात हसते आणि म्हणते, “आबाजी, तुम्ही आईला घोडा म्हटलं.”

दुसरी चिंता विसरण्याची आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत काट्यावर बसून ती किलोंचे आकडे आजही ओठांतल्या ओठांत चिनीतच मोजते, परंतु परवा ‘पाऊस’ हे चिन्ह लिहिताना आतले चार थेंब द्यायला विसरली. चीनमध्ये राहणाऱ्या शिक्षकांकडून ऑनलाइन शिकवणी लावण्याचा विचार आहे. त्यांचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असल्याने त्यांचे रात्रीचे नऊ म्हणजे आमचे साडेसहा, आणि नेमकी त्याच वेळी येथे वीज असली तर रेंज नसते. शिवाय वीचॅट भारतात जून २०२० पासून बंद असल्याने संपर्काचे साधनही वेगळे शोधावे लागेल.

नातीच्या युटातील शाळेसारख्या, परभाषेतून शिकवण्याच्या शिक्षणाची सुरुवात १९६५ साली कॅनडातील क्वेबेकमध्ये, सेंट लॅम्बर्ट येथे, इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना फ्रेंचमधून शिकवून झाली असे मी वाचले आहे. पण तेथे शाळेबाहेर पडले तरी फ्रेंच कानावर पडत होती. आमच्या गावात चिनी बोलणारी हीच एक.

म्हणून जाणकारांना विचारतो. आठवड्यातून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन शिकवण्यांवर, जेथे पूर्वी रोज अर्धा दिवस ती भाषा होती, काही टिकते का, की तोच वेळ चिनीतून गणित करण्यात घालवावा? मराठी, इंग्रजी आणि चिनी अशा तीन लिप्या एकदम चालू असताना चिन्हांचे लेखन वर्षभर बाजूला ठेवून केवळ ऐकणे-बोलणे चालू ठेवले, तर पुढे ती भर निघते का? आणि माझी वही चालू ठेवू की चुलीत घालू?

उत्तर देणाऱ्यांनी आपले मूल भाषेपासून दूर गेले तेव्हा किती वर्षांचे होते आणि किती काळ दूर राहिले, एवढे कृपया अवश्य लिहावे.