दादर फुलबाजारातले पट्टे

फुलबाजारातल्या पहाटेच्या फोटोंवर आडवे पट्टे येतात, तेव्हा सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) गेला का, असं एकाने विचारलंय. सेन्सर ठीक असणार. आधी सायलेंट शटर, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर, चालू आहे का बघा. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधारात, झाले पट्टे. मेकॅनिकल शटर (खऱ्या पडद्याची उघडझाप करणारं) लावा आणि वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला मिणमिणण्याचं पूर्ण आवर्तन मिळतं. काही छोट्या कॅमेरा-बॉड्यांना मेकॅनिकल शटरच नसतं, तिथे वेगावरच भिस्त.

१/१०० ला झेंडू तोलणारे हात जरा पुसट येतील. येऊ द्या, छान दिसतात. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १६-५० मिमी किट लेन्स १६ वरच ठेवा, तिथे एफ/३.५ मिळतं (एफचा आकडा लहान, तितका उजेड जास्त), ५० ला एफ/५.६ वर घसरतं. ऑटो आयएसओला (कॅमेरा स्वतः ठरवतो ती प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० ची मर्यादा पुरे.

आता पावसाळा. एसी लोकलमधून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढला की काचेवर धुकं. बॅगेची चेन बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. पुसत बसू नका, आणि तेवढ्यात लेन्स तर मुळीच बदलू नका. घरी चामड्याच्या केसऐवजी घट्ट झाकणाचा डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. साठच्या वर रेंगाळला तर बुरशीला आमंत्रणच.