वेगळ्या पिंपांत मुरवलेल्या व्हिस्कीमध्ये पिंपाचा वाटा कसा ओळखावा?

रसिकमित्र, पुणे

नमस्कार. आम्ही काही मित्र महिन्यातून एकदा एकत्र बसून ठरावीक विषयावरच्या तीन-चार व्हिस्की चाखतो आणि प्रत्येक जण आपापल्या नोंदी लिहितो. या वेळचा विषय होता वेगळ्या पिंपांत मुरवलेली मद्ये. अमृत पोर्टोनोव्हा, रामपूर असावा, इंद्री त्रिनी आणि जेमसन कास्कमेट्सची स्टाउट (गडद बिअर) आवृत्ती अशा चार बाटल्या समोर होत्या. म्हणजे एकीकडे पोर्ट या गोड पोर्तुगीज वाइनचे पिंप, दुसरीकडे भारतीय कॅबरने सोव्हिन्यों या लाल वाइनचे, तिसरीकडे बर्बन ही अमेरिकन व्हिस्की, वाइन आणि पेद्रो हिमेनेझ ही गोड स्पॅनिश शेरी अशा तीन पिंपांचा मेळ आणि चौथीकडे बिअरचे. इतकी विविधता असूनही नोंदी वाचून दाखवल्या तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने गोडसर, मनुका आणि व्हॅनिला एवढेच लिहिले होते, आणि कोणती चव मूळ मद्याची व कोणती पिंपाची हे कोणालाच सांगता येईना.

ही चव वेगळी काढण्याची काही पद्धत आहे का? पिंपाचे लाकूड आणि त्यात पूर्वी भरलेले पेय या दोहोंचा परिणाम जिभेवर निरनिराळा कळतो का? शिवाय आमच्यातील एकाचे म्हणणे असे आहे की गोव्याची काजू फेणी अशाच पिंपांत मुरवली तर ती जगातल्या कोणत्याही मद्याच्या तोडीस तोड होईल. यावरही जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

लाकूडवेडा, नाशिक

आपण निवडलेल्या चारही बाटल्या उत्तम आहेत, परंतु त्यांत पिंपही वेगळे आहे आणि मूळ मद्यही वेगळे आहे. बेंगळुरू, रामपूर, हरियाणा आणि आयर्लंड इथली मद्ये शेजारी ठेवली की फरक कशामुळे पडला हे कोणालाही सांगता येणार नाही. पिंपाचा वाटा ओळखायचा असेल तर एकाच डिस्टिलरीची साधी बाटली आणि वेगळ्या पिंपातली बाटली अशी जोडी लावावी लागते, आणि बाकीच्या गोष्टी शक्य तितक्या सारख्या ठेवाव्या लागतात.

सर्वांत स्वस्त जोडी आपल्या हाताशीच आहे. नेहमीची जेमसन आणि कास्कमेट्स या दोन्ही ४० टक्के मद्यार्काच्या. कास्कमेट्सची हकीकत अशी की जेमसनची पिंपे कॉर्कमधल्या एका ब्रुअरीकडे गेली, तिथे त्यांत स्टाउट मुरली आणि मग तीच पिंपे परत येऊन त्यांत व्हिस्की भरली गेली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर कोको, भाजलेले सातू आणि शेवटी बिअरमधल्या हॉप्स या फुलांचा किंचित कडवटपणा एवढाच जादा भाग उरतो, आणि तो बिअरने दिलेला आहे हे लगेच पटते. दुसरी जोडी गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या पॉल जॉनची: केवळ बर्बनच्या पिंपातली ब्रिलियन्स आणि तिच्यासमोर पीएक्स, म्हणजे पेद्रो हिमेनेझ शेरीच्या पिंपातली. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत शिकवणारी, अमृत कास्क स्ट्रेंग्थ (म्हणजे पाणी न घालता पिंपातल्याच तीव्रतेची) आणि पोर्टोनोव्हा. पहिली ६१.८ टक्के, दुसरी ६२.१ टक्के, म्हणजे तीव्रताही जवळजवळ सारखीच. पोर्टोनोव्हा पोर्टच्या पिंपातून काढून पुन्हा बर्बनच्या पिंपात ठेवलेली असते, त्यामुळे पोर्टचे फळ तिच्या मध्यावर येते आणि शेवट पुन्हा अमृतचा होतो. हे एकदा ओळखू आले की ती व्हिस्की केवळ गोड वाटत नाही.

आता लाकूड आणि आधीचे पेय यांबद्दल. पिंप रिकामे केले तरी त्याच्या फळ्यांत आधीचे मद्य मुरलेले असते आणि नव्या मद्यात ते सर्वांत आधी उतरते. मनुका, काकवी, जांभळासारखे गडद फळ हे बहुधा घोटाच्या सुरुवातीला लागते. लाकडाचा भाग सावकाश येतो. अमेरिकन पांढऱ्या ओकमधून ओल्या नारळाचा वास आणि व्हॅनिला मिळतो, तर युरोपीय ओकमध्ये टॅनिन अधिक असल्यामुळे लवंग, सुंठ आणि हिरड्यांवर जाणवणारा तुरटपणा येतो. घोट गिळल्यानंतर गालांच्या आतल्या बाजूला काय राहिले याकडे लक्ष द्यावे. तिथे तुरटपणा असेल तर ते बहुतांशी लाकूड आहे. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शेरीचे पिंप म्हटले की युरोपीय ओकच असेल असे नाही, कारण शेरी जिथे बनते त्या स्पेनमधल्या खेरेझमध्येही अमेरिकन ओक मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. त्यातही आज व्हिस्कीसाठी मिळणारी बहुतेक शेरीची पिंपे ही मुद्दाम त्यासाठी बनवून, वर्ष-दोन वर्षे शेरीने भिजवून विकलेली असतात. पूर्वी शेरी पिंपांतून ब्रिटनला जात असे आणि रिकामी पिंपे तिथेच राहत. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि तो पुरवठा आटला.

रंगावर मात्र अजिबात विश्वास ठेवू नये. स्कॉचमध्येसुद्धा कॅरॅमलचा रंग घालण्यास कायद्याने परवानगी आहे.

एडिनबरोहून

लाकूडवेडा यांची जोडी लावण्याची पद्धत अगदी योग्य आहे. मी त्यात काळाची बाजू जोडू इच्छितो, कारण फिनिश (म्हणजे शेवटी काही काळ दुसऱ्या पिंपात मुरवणे) हा शब्द लेबलवर दिसतो पण ते किती काळ चालले हे पुष्कळदा दिसत नाही. बाल्व्हेनी या स्कॉच डिस्टिलरीच्या डेव्हिड स्ट्युअर्ट यांनी १९९३ मध्ये आणलेली डबलवूड बारा वर्षांची, आणि तिचा शेरीच्या पिंपातला मुक्काम सुमारे नऊ महिन्यांचा. ग्लेनफिडिकने २०१६ मध्ये आणलेल्या आयपीए प्रयोगात बिअरच्या पिंपात व्हिस्की तीन महिनेच होती. इथल्या थंड हवेत दरवर्षी सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. अमृतच्या बेंगळुरूतल्या गोदामात हेच प्रमाण दहा ते बारा टक्क्यांच्या घरात असते. उष्ण हवेत लाकूड मद्याशी फार वेगाने वागते, त्यामुळे स्कॉटलंडमध्ये वर्षभरात जे साधते ते आपल्याकडे काही महिन्यांत साधू शकते, आणि तितक्याच लवकर बिघडूही शकते. भारतीय उत्पादकांनी याबाबत जे कौशल्य कमावले आहे त्याचे पुरेसे कौतुक होत नाही, असे मला मनापासून वाटते.

असामान्य पिंपांना कायद्याची मर्यादाही आहे. स्कॉच किमान तीन वर्षे ओकच्याच पिंपात राहिली पाहिजे आणि ते पिंप ७०० लिटरपेक्षा मोठे असता कामा नये. २०१९ मध्ये नियम सैल झाले तेव्हा टकीला, मेझकाल आणि कॅल्व्हाडोस अशा इतर मद्यांच्या पिंपांना वाट मिळाली, पण लाकूड ओकच राहिले. त्याआधी, २००५ मध्ये, कंपास बॉक्स या कंपनीने स्पाइस ट्री नावाची व्हिस्की बनवताना पिंपाच्या आत फ्रेंच ओकच्या जादा फळ्या बसवल्या होत्या. स्कॉच व्हिस्की असोसिएशनने हरकत घेतल्यावर ते थांबवावे लागले आणि २००९ मध्ये फ्रेंच ओक पिंपांच्या झाकणांत वापरून ती व्हिस्की परत आली. आयर्लंडमध्ये ओकची सक्ती नाही, म्हणून मेथड अँड मॅडनेस या मालिकेत चेस्टनट आणि युरोपात अकेशिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या (आपली बाभूळ नव्हे) लाकडाचीही पिंपे दिसतात. चेस्टनटची आवृत्ती मला आवडली, तरी तिचे लाकूड मद्यापेक्षा मोठ्याने बोलते असे माझे मत आहे. पिंप काढून घेतले तर खाली काय उरेल, हा प्रश्न प्रत्येक फिनिशला विचारावा.

मांडवीकाठ, पणजी

फेणीबद्दल लिहितो. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची ओळख तिच्या वासावर उभी आहे. पिकून गळून पडलेली बोंडे तुडवून काढलेला रस आंबवतात, भट्टीवर पहिल्या उर्ध्वपातनातून हुर्राक मिळतो आणि तो पुन्हा भट्टीवर चढवून फेणी होते. या साऱ्या प्रवासात लाकूड कुठेच नाही. फेणी पारंपरिकरीत्या काचेच्या मोठ्या गराफांवात राहते आणि वर्षागणिक मऊ होते. काजूच्या बोंडाचा तो उग्र, अतिपक्व फळाचा वास नव्या जळक्या ओकच्या व्हॅनिलाखाली दबला तर जे हाती येईल त्याला फेणी म्हणावेसे मला वाटणार नाही. प्रयोग करायचाच असेल तर अनेकदा वापरून थकलेले, मोठे पिंप आणि अल्प मुदत, एवढेच सुचवेन. आपल्या मित्राने आधी काचेत चांगली मुरलेली फेणी बर्फाशिवाय, व्हिस्कीसारखीच सावकाश चाखून पाहावी, अशी माझी विनंती आहे.

रसिकमित्र, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या वेळी अमृतची जोडी ठेवण्याचे ठरले आहे. एक शंका उरते. बासष्ट टक्क्यांची व्हिस्की तशीच चाखावी की पाणी घालून, आणि घालायचे तर किती?

लाकूडवेडा, नाशिक

दोन्ही प्रकारे चाखावी. आधी थेंबभर तशीच, मग दोन्ही पेल्यांत पाणी घालून. वीस मिलिलिटर पोर्टोनोव्हात सात मिलिलिटर पाणी घातले की ती सुमारे ४६ टक्क्यांवर येते. कास्क स्ट्रेंग्थलाही साधारण तेवढेच लागते. औषधाच्या सिरिंजने मोजले तर चूक होत नाही. पाणी साधे, खोलीच्या तापमानाचे असावे आणि ते घातल्यावर दहा मिनिटे पेला तसाच ठेवावा, कारण लगेच हुंगल्यास मद्यार्काचाच भपका येतो. तोंड स्वच्छ करण्यासाठी बिनमिठाचे चुरमुरे उत्तम. त्या संध्याकाळी घरात फोडणी किंवा उदबत्ती नको. रिकामे पेले लगेच न धुता रात्रभर तसेच ठेवावेत आणि सकाळी हुंगावेत. मद्यार्क उडून गेलेला असल्यामुळे व्हॅनिला आणि लवंग कोणत्या पेल्यात जास्त राहिली हे तेव्हा फार स्पष्ट कळते, आणि त्या नोंदी आदल्या रात्रीच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात.