भांडुपमध्ये चांगली सरकारी बालवाडी हवी, निवेदनात नेमकं काय मागायचं?

भांडुपची_आई:
मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आजूबाजूच्या प्रायव्हेट नर्सऱ्या फी, डोनेशन, युनिफॉर्म सगळं धरून पन्नास-साठ हजार सांगतायत, आम्हाला ते झेपणारं नाही. गल्लीत अंगणवाडी आहे, बाई खूप प्रेमळ आहेत, पण खोली दहा बाय दहाची, त्यातच खिचडीचं पातेलं, वजनकाटा, रजिस्टरांचं कपाट आणि वीस-पंचवीस पोरं मांडीला मांडी लावून, पावसाळ्यात दारात पाणी आलं की सुट्टी. आणि पाच मिनिटांवर पालिकेच्या शाळेत वर्गांना कुलूप, कारण पटसंख्या कमी! आम्ही काही आया मिळून वॉर्ड ऑफिसला निवेदन देणार आहोत, पण एकमत होत नाहीये, कुणी म्हणतं अंगणवाड्या वाढवा, कुणी म्हणतं इंग्लिश केजीच मागा. काय मागावं?

सेविका_ताई:
ताई, मी दुसऱ्या एका उपनगरात सेविका आहे. नुसती संख्या वाढवून भागणार नाही हो. सकाळी आलं की हजेरी, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरा, गरोदर बायकांची नोंद, गृहभेटी, लसीकरणाला बायकांना बोलवा, मधेच कुठला तरी सर्व्हे, इलेक्शन आलं की बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, आणि मदतनीसची जागा रिकामी असली की खिचडी वाटणं पण आपल्याकडेच. यातून मुलांसोबत बसायला किती वेळ उरणार? जेव्हा उरतो ना तेव्हा बघायला या. मी बाटल्यांची झाकणं गोळा करून ठेवलीत, परवा एका पोरीने आधी सगळी लाल वेगळी काढली, मग लालमधली लहान-मोठी लावली, मग मला म्हणाली बाई ही जास्त आहेत. न मोजता कळलं तिला! आणि तिची आई दारात विचारते एबीसीडी कधी लिहून घेणार. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरून अक्षरं लिहायची ताकदच नसते हो. म्हणून मागा की शिकवण्यासाठी वेगळी बाई द्या, किंवा सेविकेचं बाकीचं काम कमी करा, आणि ट्रेनिंग नीट द्या.

निवृत्त_मास्तर_ठाणे:
सेविका ताईंचं शंभर टक्के बरोबर. थोडं कायद्याचं सांगतो, निवेदनात उपयोगी पडेल. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयाचा, तीन ते सहाच्या मुलांसाठी कलम 11 मध्ये सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ एवढंच आहे, सक्ती नाही. घटनेच्या कलम 45 मध्ये 2002 च्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण आलं, पण तेही मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मात्र 3 ते 8 हा एकच टप्पा धरलाय, त्यावर बोट ठेवा. आणि गोची इथे आहे की अंगणवाडी राज्याच्या महिला व बालविकास खात्याकडे आणि शाळेची खोली पालिकेच्या शिक्षण खात्याकडे, त्यामुळे एका ठिकाणी पोरं दाटीवाटीने आणि दुसरीकडे खोली रिकामी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 ला बोर्डीत काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं, मुलं शाळेत येत नाहीत तर त्यांच्या अंगणात बालवाडी भरवली, हे आपल्याच महाराष्ट्रात झालंय. तेव्हा पाड्यावर जमलं ते आज मुंबईत जमू नये याचं फार वाईट वाटतं. तळमजल्यावरची खोलीच मागा बरं का, एवढ्या लहान मुलांना जिने नकोत, आणि संडास त्यांच्या उंचीचा हवा.

क्वीन्सकर:
मी न्यूयॉर्कला असतो. इथे 2014 ला शहराने चार वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी फुकट प्री-के, म्हणजे केजीच्या आधीचं वर्ष, वाढवायला घेतलं, तेव्हा जागेचा प्रश्न इथेही होता, मग नुसत्या सरकारी शाळांवर न थांबता वस्तीतल्या संस्थांच्या सेंटर्सनाही पैसे देऊन सीट्स घेतल्या. दिवस 6 तास 20 मिनिटांचा, त्यामुळे नोकरी करणाऱ्या आईला खरंच उपयोग होतो. पण एक चूक तुम्ही होऊ देऊ नका, संस्थांच्या सेंटरमधल्या टीचर्सना शाळेतल्या टीचर्सपेक्षा पगार कमी होता, चांगल्या टीचर्स अनुभव आला की शाळेत निघून जायच्या, 2019 ला त्यावर करार करावा लागला.

भांडुपची_आई:
सगळ्यांचे आभार. तासांचं आमच्या डोक्यातच नव्हतं, इथे अंगणवाडी अकरा ते एक चालते, आमच्यातल्या निम्म्या जणी त्या वेळी कामावर असतात म्हणून मुलं जातच नाहीत. पण इंग्लिशचं काय? तोच मुद्दा भांडणाचा झालाय.

निवृत्त_मास्तर_ठाणे:
इंग्लिश गाणी-गोष्टींतून येऊ द्या, हरकत नाही, पण घरची भाषा सोडू नका, नाहीतर मूल बोलायला बिचकतं. मात्र आयांची काळजी खरी आहे हे पण लिहा. तीन वर्षांचं मूल एकदा प्रायव्हेट केजीत गेलं की पहिलीला पालिकेच्या शाळेत परत येत नाही, मग पट कमी, मग खोलीला कुलूप. बालवाडी शाळेच्याच आवारात भरली तर शाळेचाही फायदा, अधिकाऱ्यांना हे लगेच पटतं.

सेविका_ताई:
निवेदनाची एक कॉपी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना पण द्या, नाहीतर वॉर्डवाले म्हणतील आमचं खातं नाही. आणि दोन्हीकडे पोच घ्या, शिक्का मारून.